वारकऱ्याची पडशी आणि आपला तराजू

दिवाळी सरते, खाचरांतले भात खळ्यावर येते आणि पेण-रोह्याच्या गावांतून आळंदीच्या वाटेची बोलणी सुरू होतात. आषाढीला कोकणातला शेतकरी लावणीच्या चिखलात उभा असतो; त्यामुळे त्याच्या पायी वारीचा खरा काळ कार्तिकाचा. कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वरमाऊलींच्या संजीवन समाधीचा सोहळा असतो. त्याआधी एकादशीपर्यंत आळंदी गाठावी, या हिशेबाने दिंड्या निघतात. पेणहून खोपोली, बोरघाट, लोणावळा, वडगाव, देहू, आळंदी ही वाट सुमारे शंभर किलोमीटरची. रोहेकरांस नागोठणे-पालीकडून खोपोलीपर्यंतची चाल त्याहून अधिक पडते.

याच दिवसांत आपल्या दवाखान्यांत आणि औषधी दुकानांतही वर्दळ वाढते. कोणी गुडघ्यांसाठी तेल मागतो, कोणी शक्तीसाठी अरिष्ट, कोणी खोकल्यासाठी काढा. आपण प्रेमाने देतो, व्यवसाय म्हणूनही देतो. परंतु दिलेली वस्तू चालणाऱ्याच्या खांद्यावर किती भार टाकणार आहे, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण स्वतःस विचारतात? आमच्या मते वारकऱ्यास निघण्यापूर्वी काय द्यावे यापेक्षा काय देऊ नये हे सांगणे, हे आज वैद्याचे अधिक महत्त्वाचे कर्तव्य झाले आहे.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी साठी उलटलेल्या, मधुमेह असलेल्या एका आजींना आम्ही वारीसाठी दोन काचेच्या बाटल्या बांधून दिल्या. एकीत अरिष्ट, दुसरीत तेल. त्यांच्या साखरेच्या गोळ्याही त्याच पिशवीत ठेवा, म्हणजे विसरणार नाही, असा सल्ला वर दिला. घाटाच्या पायथ्याशी पिशवी जड झाली म्हणून आजींनी ती सामानाच्या टेम्पोत टाकली. टेम्पो पुढच्या मुक्कामी गेला. त्या दिवशीच्या गोळ्या चुकल्या. चुकलेले भरून काढावे म्हणून दुसऱ्या दिवशी आजींनी दोन वेळच्या गोळ्या एकदम घेतल्या आणि त्याही जवळजवळ उपाशीपोटी. वाटेत घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या माळकऱ्याने तोंडात गूळ घातला म्हणून निभावले. परत आल्यावर त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. आपलेच चुकले, असे म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती. जिच्यावाचून चालले असते ती वस्तू आम्ही जड केली आणि जिच्यावाचून चालणार नव्हते ती तिच्या गळ्यात बांधली.

शास्त्राकडे पाहिले तर आपणांस सबब नाही. व्यायाम अर्धशक्तीने करावा, ही मर्यादा वाग्भटाने सांगितली आहे आणि तीही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यासाठी. वर्षभर न चाललेल्या पन्नाशीच्या देहास सलग पाच-सहा दिवस वीस-वीस किलोमीटर चालवणे हेच अर्धशक्तीच्या पलीकडे जाते. त्यात ओझ्याची भर म्हणजे वातप्रकोपास आमंत्रण होय. चरकाने मात्राशितीय अध्यायात पादाभ्यंग, पादत्रधारण, छत्रधारण आणि दंडधारण यांचे गुण सांगितले आहेत. वाटसरूस लागणारे बहुतेक साहित्य या चार शब्दांत आले आणि त्यांतले काहीही जड नाही.

काळाचाही विचार करावा. ऋतूचा अखेरचा आणि पुढच्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी होते. आपल्या पंचांगाप्रमाणे कार्तिक वद्य एकादशी ते त्रयोदशी हे दिवस बरोबर शरद-हेमंताच्या संधीत येतात. दुपारी पित्त वाढवणारे ऊन आणि पहाटे मावळातली थंडी, या दोन्हींशी चालणाऱ्याची गाठ पडते. खोपोलीचा सखल प्रदेश सोडून खंडाळ्यास पोहोचेपर्यंत तो सुमारे पाचशे मीटर चढलेला असतो आणि खाडीकाठच्या माणसास त्या गारव्याची सवय नसते. म्हणून एक हलकी, ऊबदार शाल अपरिहार्य होय. चार स्वेटर मात्र नकोत.

भार किती असावा? शाळकरी मुलाचे दप्तर त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे, असे केंद्राच्या २०२० च्या दप्तर-धोरणाने म्हटले आहे. मूल ते ओझे फार तर तासभर वाहते. वारकरी दिवसभर वाहतो. तेव्हा त्याच्यासाठी याच्या निम्मे प्रमाण धरावे, असे आम्ही सुचवतो. ५५ किलोच्या माणसास हे पावणेतीन किलोच्या आसपास येते. लिटरभर पाण्याचाच एक किलो होतो. उरलेल्यात कपड्यांचा एक जोड, शाल, पंचा, पावसाचा पातळ कागद, ताटली-पेला आणि औषधे बसवायची आहेत. आता अरिष्टाची ४५० मिलिलीटरची काचेची बाटली तराजूत ठेवून पाहा; ती पाऊण किलोच्या घरात जाते. दिवसाकाठी ४० मिलिलीटर धरले तरी सहा दिवसांत २४० मिलिलीटर संपणार. म्हणजे जवळजवळ निम्मे औषध आणि सगळी काच वारकरी निष्कारण आळंदीपर्यंत वाहून नेतो.

याउलट आपल्या कोकणाने हलके औषध घरातच दिले आहे. भिरंडीच्या बियांचे कोकमतेल नेहमीच्या हवेत घट्ट राहते, ४० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. त्याचा गोळा सांडत नाही, फुटत नाही, टाचांच्या भेगांस उत्तम लागू पडतो. सोबत शतधौत घृताची लहान डबी, सुंठ आणि सितोपलादी यांच्या पुड्या, वैद्याने प्रकृती पाहून दिलेली एखादी वटी, मूठभर आमसुले आणि जलसंजीवनीच्या दोन पुड्या घ्याव्यात. लिटरभर पाण्याची अशी एक पुडी जेमतेम २१ ग्रॅम भरते. हे सर्व पाव किलोत बसते. खाऊ म्हणून पेणचे पोहे भाजून घेतले की झाले. पूर्वीचा वारकरी पडशी खांद्यावर टाकी. तिच्या दोन कप्प्यांमुळे भार पुढे-मागे सारखा वाटला जाई. आजच्या एका खांद्यावरच्या पिशवीपेक्षा ती युक्ती शहाणपणाची होती.

दोन गोष्टी मात्र वजनाचा विचार न करता द्याव्यात, कारण त्यांना वजनच नाही. पहिली म्हणजे पाठीवर व पिशवीवर लावायची चमकणारी पट्टी. नोव्हेंबर २०२१ मध्ये रायगडातून आळंदीस निघालेल्या दिंडीत जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, मावळात, भरधाव पिकअप शिरला. जीवितहानी झाली, अनेक वारकरी जखमी झाले. पहाटेच्या अंधारात चालणाऱ्यास ही पट्टी पादत्राणाइतकीच आवश्यक आहे. दुसरी म्हणजे एक चिठ्ठी. रुग्णाचे नाव, आजार, चालू असलेली सर्व औषधे, त्यांत ॲलोपॅथीचीही, आणि घरचा दूरध्वनी क्रमांक तीवर असावा. रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या आणि ही चिठ्ठी कमरेच्या कशात असावी, टेम्पोत कदापि नसावी. एकादशीच्या उपवासात गोळ्यांचे काय करायचे, हे त्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांस निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. अनवाणी चालण्याचा नवस असलेल्या मधुमेह्यास तर आपण स्पष्ट शब्दांत परावृत्त करावे.

यावर काही आक्षेप येतील. सामान टेम्पोतून जाते, मग भाराची चिंता कशाला, असे म्हटले जाईल. याचे उत्तर वरील आजींच्या अनुभवात आहे. टेम्पो मुक्कामाचे सामान नेतो, वाटेतली गरज नेत नाही. दुकानदार बंधू म्हणतील की मोठी बाटलीच विकली जाते, लहान पुडीत काय उरते? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु उत्पादकांकडे लहान, नीट वेष्टित मापांची मागणी आपण संघटितपणे केली, तर संख्येने ही तूट काही अंशी भरून निघेल. न निघाली, तरी अर्धी बाटली ओतून देणारे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

राहिला प्रश्न मोफत शिबिरांचा. वाटेवर पाय चोळून देणारे, तेल लावणारे आपले बंधू पुण्यच करतात. परंतु तेथे सुट्या गोळ्या आणि बिननावाच्या पुड्याही वाटल्या जातात. औषधावर काय काय छापलेले असावे हे नियम १६१ ने घालून दिले आहे. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या पोटातल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही लागते. ज्यावर नाव नाही ते औषध पुढच्या मुक्कामावरील वैद्यास आंधळे करते.

म्हणून आमची सूचना अशी. शिबीर घाटात नव्हे, पेण आणि रोह्यात घ्यावे. आणि ते कोजागरीच्या सुमारास घ्यावे. तेव्हापासून प्रस्थानापर्यंत साधारण चार-पाच आठवडे मिळतात. तेवढ्यात नव्या चपला पायांस सरावतात, रोजची चाल वाढवता येते, रक्तदाब व साखर तपासून उपचार मार्गी लागतो. शिबिरात एक वजनकाटा असावा आणि प्रत्येकाने आपली भरलेली पिशवी त्यावर ठेवावी. आपल्या दुकानांतही गल्ल्याशेजारी असा काटा ठेवण्यास फारसा खर्च नाही.

वारकरी घरदार मागे ठेवून निघतो; ओझे टाकून चालणे हाच त्याच्या वाटेचा धर्म होय. आपण दिलेल्या काचेने त्याचा खांदा दुखू नये, एवढी काळजी या कार्तिकापासून घ्यावी, अशी सर्व व्यवसायबंधू-भगिनींस आमची नम्र विनंती आहे.