आगीला बंब आहे, सायबर हल्ल्याला फक्त पीडीएफ!

पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांचं दुकान, वर्कशॉप, कारखाना आहे किंवा ज्यांच्या घरचा पगार अशा ठिकाणाहून येतो, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

मी कोल्हापुरात छोट्या कारखानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं बघतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, सगळीकडचे लोक माझ्याकडे आहेत. पूर्वी त्यांच्या तक्रारी ठरलेल्या असायच्या. वीज महाग, पेमेंट थकलंय, कामगार मिळत नाहीत. आता त्यात एक नवीन भर पडली आहे.

एका मशीन शॉपवाल्याला नेहमीच्या कच्च्या मालवाल्याकडून मेल आला, "आमचं बँक खातं बदललंय, यापुढचं पेमेंट इथं करा." खाली बिल तेच, लोगो तोच. मेलच्या पत्त्यात फक्त एक अक्षर वेगळं. पावणेसात लाख गेले. दुसऱ्या एकाच्या कॉम्प्युटरवर सोमवारी सकाळी टॅली उघडेना, सगळ्या फाइल्स लॉक आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता, पण त्याच मशीनला कायम खोचून ठेवलेल्या पेनड्राइव्हवर. तोही लॉक. वीस तारीख तोंडावर, रिटर्न कशाच्या जोरावर भरायचं? पहिल्याने त्या महिन्यात कामगारांचा पगार दोन हप्त्यांत दिला. म्हणजे चोरी मालकाच्या खात्यात झाली आणि झळ बारा घरांना बसली.

आता सरकार काय करतंय ते बघू. काहीच करत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. १९३० ही हेल्पलाइन आहे. फसवणूक झाल्या झाल्या फोन केला तर पैसे वाटेत अडवता येतात, आणि अनेकांचे अडवले गेलेही आहेत. राज्यानं ८३७ कोटींचा सायबर सुरक्षा प्रकल्प उभा केलाय, १९४५ हेल्पलाइन दिलीय. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेनं सप्टेंबर २०२५ मध्ये खास लघुउद्योगांसाठी १५ मूलभूत उपायांची यादी काढली. यादी चांगली आहे, मी वाचलीय. पण ती इंग्रजीत आहे, आणि आपल्या लेथवाल्या काकांना त्यातलं निम्मं कळणार नाही. हा काकांचा दोष नव्हे.

दुसरीकडे नियम मात्र सगळ्यांना सारखे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि सिस्टीमच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. लघुउद्योगांना तयारीसाठी सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ दिली, पण माणूस किंवा पैसा दिला नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. जिथं मालक, अकाउंटंट आणि 'आयटी हेड' एकच माणूस असतो, तिथं हे कोण सांभाळणार?

काही जण म्हणतील, खासगी धंद्याच्या कुलपाला सरकारनं पैसे का द्यावेत? प्रश्न रास्त आहे. पण एमआयडीसीत अग्निशमन केंद्र कशासाठी असतं? एका शेडची आग शेजारच्या शेडला लागते म्हणून. इथंही तसंच आहे. छोट्याचा मेल हॅक झाला की त्याच मेलवरून मोठ्या कंपनीला गंडा घातला जातो. आपले फाउंड्रीवाले पुण्या-मुंबईच्या वाहन कंपन्यांना माल देतात, साखळीतली एक कडी तुटली की सगळ्यांनाच हिसका बसतो. आणि शेजारी आग लागू नये म्हणून खर्च करणं हे उपकार नव्हेत.

मग नेमकं मागायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी.

एक, अनुदान. झेड प्रमाणपत्राच्या खर्चात केंद्र सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुउद्योगाला ६० टक्के सवलत देतं. तीच पद्धत सायबर ऑडिट, अस्सल सॉफ्टवेअर आणि बॅकअपला लावा. ब्रिटननं २०१४ मध्ये पाच साध्या उपायांचं 'सायबर इसेन्शियल्स' प्रमाणपत्र सुरू केलं आणि ते घेणाऱ्या तिथल्या छोट्या कंपन्यांना सायबर विमाही त्यासोबत मिळतो. म्हणजे सांभाळून राहणाऱ्याला काहीतरी पदरात पडतं.

दोन, माणूस. जिल्हा उद्योग केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसणारा, मराठीत बोलणारा आणि गरज पडली तर शेडवर येऊन बघणारा. पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंगची पोरं प्रशिक्षण देऊन सोबत घ्या. त्यांना अनुभव, आपल्याला मदत.

तीन, खातं गोठवण्याचा न्याय. कुठल्या तरी गिऱ्हाईकानं फसवणुकीतले ५ हजार आपल्याला यूपीआय केले, तर वादातले ५ हजारच थांबवा. अख्खं चालू खातं बंद करू नका. चोर सापडेपर्यंत दुकानदारानं उपाशी राहायचं का?

आता आपल्या बाजूचंही बोलू. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड, लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडणं, हे सरकार येऊन थांबवणार नाही. या आठवड्यात एवढं तरी करा. बॅकअप घेतला की ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. मेल आणि बँकेला दुहेरी पडताळणी लावा. आणि खातं बदलल्याचा मेल आला की आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून आधी विचारा. शेवटच्या गोष्टीला एक रुपयाही लागत नाही, आणि पावणेसात लाख तिनंच वाचले असते.

स्मॅक, गोशिमा, इंजिनिअरिंग असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांना विनंती, पुढच्या वेळी पालकमंत्र्यांना निवेदन द्याल तेव्हा वीजदराच्या खाली हा मुद्दाही घाला. तुमच्या ओळखीत कुणाबरोबर असं घडलं असेल तर नाव न घेता कमेंटमध्ये लिहा. निवेदनाला जोडायला तेच कामाला येईल.