शीर सापडली का?

ऐन दिवाळीच्या अंकात रक्त आणि सुया यांची कथा काढली म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. यंदा श्रावणात आमच्या घरी एक चोरी उघडकीस आली, तिची ही हकीकत आहे. चोर म्हणजे माझी आई, वय वर्षे ६८.

बारा वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची मिट्रल झडप बदलून कृत्रिम झडप बसवली. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून आई रोज वॉरफेरीनची गोळी घेते, आणि गोळीचे माप बरोबर आहे ना, हे पाहायला दर महिन्याला रक्त तपासावे लागते. आयएनआर नावाचा तो आकडा तिच्यासारखीचा २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान हवा. खाली घसरला तर झडपेवर गुठळी धरण्याची भीती, वर चढला तर रक्तस्रावाची. आणि आमच्या मातोश्री तीन महिने ‘जाऊन आले रे’ असे मला सांगून कोपऱ्यावरच्या देवळात बसून परत येत होत्या! डॉक्टरांनी फाईल मागितली तेव्हा बिंग फुटले.

मी आवाज चढवला. तशी ती शांतपणे म्हणाली, “चार-चार वेळा टोचतात रे. इथे एकदा, तिथे एकदा, मग मनगटावर. आणि वर मलाच म्हणतात, आजी, तुमची शीरच सापडत नाही. जशी काय मीच लपवून ठेवलीय!”

मी गप्प बसलो. बारा वर्षांत मी एकदाही तिच्याबरोबर गेलो नव्हतो. औषधांचे पैसे वेळेवर दिले की पुत्रधर्म संपला, अशी माझी सोयीस्कर समजूत होती.

आमच्या सौभाग्यवतींनी चौकशी करून एका दवाखान्याचा पत्ता आणला. तिथे म्हणे शिरा दाखवणारे यंत्र होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही दोघे गेलो. एका तरुण मुलीने विजेरीएवढे यंत्र आईच्या हातावर वीतभर उंच धरले, आणि त्या सुरकुतलेल्या कातडीवर हिरवा उजेड पडून त्यात काळसर रेघांची जाळी उमटली. जाळी पडलेले पिंपळाचे पान असते ना, हुबेहूब तसे. “अगं बाई, हे माझंच?” आई म्हणाली. सुईकडे कधी न पाहणारी ती, खाली वाकून पाहू लागली.

मी भाषेचा मास्तर. पण घरी येऊन या जादूची माहिती वाचली. तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, हे विल्यम हर्शेलने १८०० साली थर्मामीटर ठेवून दाखवले होते. तांबड्याच्या अगदी शेजारचे असे किरण कातडीतून थोडे आत शिरतात. शिरांमधले रक्त ते शोषून घेते, आजूबाजूचे मांस ते परत फेकते. यंत्रातला कॅमेरा हा फरक टिपतो आणि प्रोजेक्टर ते चित्र त्याच क्षणी त्याच जागी कातडीवर टाकतो. अमेरिकेत मेंफिस येथे टेनेसी विद्यापीठातील हर्बर्ट झेमन यांनी असे यंत्र घडवले. आमच्या मराठी परिभाषेत हृदयाकडून निघते ती रोहिणी आणि हृदयाकडे परतते ती नीला. खरे तर नीलेतले रक्त मुळीच निळे नसते, गर्द तांबडे असते. निळेपणा हा कातडीवरून परतणाऱ्या उजेडाचा खेळ. पण ज्याने हे नाव दिले त्याला माझा नमस्कार.

असो. इतकी ठळक रेघ दिसत असूनही मुलीची पहिली सुई फुकट गेली. आईने डोळे मिटले आणि माझ्या पोटात गोळा आला. आता ही पुन्हा येणार नाही! आतून एक वयस्क तंत्रज्ञ आले. त्यांनी यंत्राकडे पाहिले नाही, आईकडे पाहिले.

“आजी, सकाळपासून पाणी किती प्यालात?”

“पाणी कसलं? रक्त द्यायचं म्हणून निर्जळी आलेय.”

रक्ततपासणी म्हणजे आईला बारा वर्षे एकादशीच वाटत होती! या तपासणीला उपास लागतच नाही. जिथे उपाशीपोटी जावे लागते तिथेही साधे पाणी सहसा चालते. पाणी कमी पडले की शिरा दबतात. मग दोन पेले पाणी, हात खाली सोडून बसणे, वर कोमट फडके. अर्ध्या तासाने त्यांनी हिरव्या उजेडात एक शीर निवडली, यंत्र बाजूला ठेवले आणि बोटाने दाबून पाहिली. “दिवा रेघ दाखवतो,” ते मुलीला म्हणाले, “ती किती खोल आहे नि भरलेली आहे का, ते बोट सांगतं.” एकाच सुईत निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली. ही नळी अर्धवट राहिली तर आकडाच चुकतो.

या यंत्राने टोचण्या कमी होतात का, हे लहान मुलांवर अनेक ठिकाणी तपासले गेले आहे. कुठे कमी झाल्या, कुठे काहीच फरक पडला नाही. आईच्या बाबतीत मात्र त्याने तिला खुर्चीत बसते ठेवले, हे मी डोळ्यांनी पाहिले.

संध्याकाळी आकडा आला: १.८. डॉक्टरांनी गोळी वाढवली, आणि मला रात्रभर झोप आली नाही.

आता दर महिन्याला मी बरोबर जातो. गेल्या खेपेला रांगेत एक बाई हात चोळत बसल्या होत्या. आई सरकून त्यांच्याजवळ गेली आणि पिशवीतला तांब्या पुढे करत म्हणाली, “पाणी प्यालात का हो?”