देऊळ, कारखाना आणि उच्च न्यायालयाची पायरी

२०२० च्या चैत्री पौर्णिमेला, ८ एप्रिल रोजी, डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा भरली नाही. देवीचे पुजारीपण आदिवासी घराण्याकडे आहे आणि डहाणू, तलासरी, जव्हारकडची आदिवासी कुटुंबे पावसाळ्याची बेगमी, सुकी मासळी, मसाला, कांदे, याच यात्रेत करतात. त्याच दिवसांत त्याच जिल्ह्यातील बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधे बनविणाऱ्या कारखान्यांना मुभा होती. केंद्रीय गृहखात्याच्या २४ मार्चच्या आदेशाने सर्व प्रार्थनास्थळे निरपवादपणे बंद केली होती. आवश्यक वस्तूंचे उत्पादन त्यातून वगळले होते.

औषधाचा कारखाना चालला पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. त्या महिन्यात यात्रा थांबविणेही योग्यच होते. घटनेच्या २५ व २६ या कलमांनीच धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवले आहे. साथीत देवाला वेगळी सवलत मागण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न पहिल्या महिन्याचा नसून आठव्या महिन्याचा आहे. प्रतिबंधित क्षेत्राबाहेरील प्रार्थनास्थळे ८ जूनपासून उघडण्यास केंद्राने अनुमती दिली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबरला उघडली. उपाहारगृहे व बार मात्र ५ ऑक्टोबरलाच. गर्दीचे कारण पुढे केले गेले. गर्दी काय फक्त देवळातच होते?

१२ ऑक्टोबरच्या पत्रात राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना ते एकाएकी धर्मनिरपेक्ष झाले काय, असे विचारले. घटनेची शपथ घेतलेल्या व्यक्तीने त्याच घटनेच्या उद्देशिकेतील शब्द हिणवण्यासाठी वापरावा, हे लाजिरवाणे होते. पण त्या गदारोळात आपल्यापैकी अनेकांनी देवळांचा प्रश्न उजव्यांचा म्हणून झटकून टाकला, तीही चूकच. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावले. देवळाचे दार हा नागरिकाच्या हक्काचा प्रश्न आहे, हे समाजवाद्यांना कोणी शिकवायला नको होते.

न्यायालयांनी संरक्षण दिले नाही, असे नाही. २१ ऑगस्ट २०२० या एकाच दिवशी दोन निर्णय झाले. सर्वोच्च न्यायालयाने पर्युषणाच्या अखेरच्या दोन दिवसांसाठी दादर, भायखळा व चेंबूर येथील जैन मंदिरे अटींवर उघडू दिली. आर्थिक हितसंबंध असले की सरकार धोका पत्करते आणि धर्माचा विषय निघाला की साथ आठवते, असे सरन्यायाधीशांनी सुनावले. मात्र ही सवलत इतरांना लागू नाही, हेही स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीशी संबंधित परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात सत्ताधारी बळीचा बकरा शोधतात, असे नमूद केले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह. पण दोन्हींसाठी वकील लागला, पैसा लागला आणि वरचे न्यायालय गाठावे लागले.

यात योगायोग नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ७१ ने उच्च व सर्वोच्च न्यायालय वगळता अन्य कोणत्याही न्यायालयाला त्याखालील कारवाईची दखल घेण्यास मनाई केली. जोडीला असलेला १८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केला. त्याचे चौथे कलम सद्‌हेतूने कृती करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध दावाच चालू देत नाही. म्हणजे विवळवेढ्याच्या भक्ताने दाद मागायची, तर डहाणूच्या न्यायालयावरून पुढे थेट मुंबईला जायचे. दिवसाची मजुरी बुडवून आणि लोकल बंद असताना! मुंबईच्या विश्वस्त संस्थेला आणि मोखाड्याच्या पाड्याला घटनेने एकच हक्क दिला. तो बजावण्याचा खर्च मात्र सरकारने पाड्याला न परवडणारा ठेवला.

१९७५ च्या आणीबाणीतही असेच घडले होते. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ व २२ या कलमांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. २५ वे कलम त्या यादीत नव्हते. तरीही ४ जुलैला जमात-ए-इस्लामी, आनंदमार्ग, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आदी संघटनांवर बंदी आली. कागदावर धर्मस्वातंत्र्य शाबूत आणि माणूस स्थानबद्ध. यांपैकी कोणत्याही संघटनेशी आमचे विचार जुळत नव्हते. तुरुंगात मात्र आपले कार्यकर्ते त्यांच्याच शेजारी होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने २० व २१ या कलमांना आणीबाणीतही अभय दिले. २५ व २६ यांना दिले नाही.

म्हणून पक्षाने विधिमंडळात आणि बाहेर स्पष्ट मागणी करावी. प्रार्थनास्थळे बंद करणारा आदेश ३० दिवसांनी आपोआप संपावा. वाढवायचा तर कारणे लेखी द्यावीत आणि बाजार, कारखाना, बार यांना लावलेलीच मोजपट्टी लावावी. दाद जिल्हा न्यायालयात मागता यावी. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा जपण्यास सक्षम मानले आहे; तेथील यात्रा-उत्सवांबाबत तिचे म्हणणे ऐकणे बंधनकारक व्हावे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांतच तसे ठराव मांडावेत आणि बोईसरच्या कामगार संघटनांनी त्यांना पाठिंबा द्यावा. कारखान्यात कामाला जाणारा आणि महालक्ष्मीच्या यात्रेला जाणारा माणूस पुष्कळदा एकाच घरचा असतो.