दिवा विझला की मेणबत्ती संपली?

सोमवारी ऑफिसात माझे लालभडक डोळे बघून पब्लिकने भलताच निष्कर्ष काढला. नाही बॉस, पार्टी-बिर्टी काही नव्हती. रविवारी रात्री साडेआठला कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाच्या उताराला लागलो आणि बाइक बंद पडली. मागे बायको, तिच्या मांडीवर भोरच्या मावशीने दिलेली तांदळाची पिशवी आणि तिच्याही मागे ट्रक.

पुणेकरांना या उताराबद्दल वेगळं सांगायला नको. ब्रेक फेल झालेले ट्रक इथे पुढच्या गाड्यांवर आदळल्याच्या बातम्या आपण कित्येक वर्षं वाचतोय. त्यात माझी गाडी २०१४ची. तिचा हेडलाइट आणि मागचा लाल दिवा बॅटरीवर नाही, इंजिनवर चालतो. इंजिन गेलं, उजेडही गेला!

आणि मी काय केलं? चालत्या गाडीवर वेड्यासारखा स्टार्टर दाबत बसलो. शेवटी बायको ओरडली, ‘अरे, आधी बाजूला घे!’ तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. क्लच दाबला, डावा इंडिकेटर दिला (तो बॅटरीवर चालतो, नशीब आपलं!) आणि उताराच्या जोरावर घरंगळत कडेला आलो. तिथून सर्व्हिस रोडने ढकलत ढकलत नऱ्हेच्या एका गॅरेजपर्यंत.

शटर अर्धं खाली आलेलं. मेकॅनिक विशीतला पोरगा. त्याने पान्याला हातही न लावता विचारलं, ‘साहेब, गाडी कशी गेली? दिवा विझल्यासारखी, की मेणबत्ती संपल्यासारखी?’

मी ब्लँक. बायको म्हणाली, ‘मेणबत्ती. बोगद्याच्या आधीपासून आचके देत होती. खेड शिवापूरलाही अशीच बंद पडली होती, मग आमचा चहा होईपर्यंत गुमान सुरू झाली.’

पोराने टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! हवा आत गेली, आणि मिनिटाभरात गाडी सुरू.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गुळगुळ करत अडतं, म्हणून आई दुसरं भोक पाडते ना? तोच हिशेब. अशा कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा टाकीत यायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत पेट्रोल असूनही इंजिन उपाशी! थोडं थांबलं की हवा कुठून तरी झिरपते, गाडी सुरू होते आणि काही किलोमीटरवर पुन्हा मान टाकते.

भोक बुजवलं कुणी? अस्मादिकांनी. आदल्या रविवारी टाकी चकाचक करताना झाकणालाही दोन हात पॉलिश चोपडलं होतं.

तर मंडळी, पोराकडून शिकलेलं हे ज्ञान मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

दिवा विझल्यासारखी, म्हणजे खटकन गेली, तर आधी करंट बघा. मीटरवरचे दिवेही गेले असतील तर फ्यूज किंवा बॅटरीचा सैल टर्मिनल. दिवे आहेत पण इंजिन नाही, तर किल स्विचला चुकून अंगठा लागलाय का, साइड स्टँडचा सेन्सर बिघडलाय का आणि प्लगची टोपी सुटलीय का, ते बघा. पावसात त्या टोपीत पाणीही शिरतं.

मेणबत्तीसारखी आचके देत गेली, तर पेट्रोल. जुन्या गाडीत कॉक रिझर्व्हला टाका, मग झाकण उघडून ‘फुस्स’ ऐका. १ एप्रिल २०२०पासून बीएस-सिक्सचे नियम आले आणि नव्या बाइक्स जवळपास सगळ्याच फ्युएल इंजेक्शनवाल्या झाल्या. त्यांत रिझर्व्हचा कॉक नसतो, पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोलनेच थंड राहतो. तेव्हा काटा तळाला नेऊन पराक्रम गाजवू नका. इंजिनचा पिवळा दिवा लागला तर त्याच्याकडे कानाडोळा नको.

आणि मागचं चाक धरल्यासारखी करकचून थांबली, तर क्लच दाबा, कडेला घ्या आणि पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिन जाम झालं असेल. आधी ऑइल बघा.

पण या सगळ्याच्या आधी बायकोचा नियम नंबर एक : आधी बाजूला घ्या. गाडी काय, नंतरही सुरू होते.

ता. क. : पॉलिशची अर्धी बाटली शिल्लक आहे. कुणाला हवी असल्यास फुकट!