स्वर्ग घर आहे म्हणून

ज्याचे खरे घर स्वर्गात, तो इथले घर कशाला शाकारील? हा पूर्वपक्ष ख्रिस्ती माणसापुढे हमखास येतो. मार्क्सने १८४४ साली धर्माला लोकांची अफू म्हटले, तेव्हापासून त्यावर विद्वत्तेची झूलही चढली आहे.

त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. अमेरिकेच्या दक्षिणेतले मळेवाले गुलामांना हेच ऐकवीत: इथे मालकाचे ऐका, वर बक्षीस मिळेल. स्वर्ग तुम्हाला, जमीन आम्हाला, अशी ती सोयीची वाटणी होती. पण ऐकणाऱ्यांनी त्यातून काय घेतले? गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८५५च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, तो आणि त्याचे सोबती बायबलातल्या कनान या वचनदत्त देशाला निघाल्याचे गाणे गात, तेव्हा स्वर्गाच्या आशेबरोबर उत्तरेकडची मुक्त भूमीही त्यांच्या मनात असे. गाणाऱ्यांच्या डोक्यात पळून जायचा बेत शिजत होता. अफूचा हा गुण कोणत्या वैद्याने सांगितला आहे?

आता उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला जाऊ. इ.स. २५२च्या सुमारास तिथे भयंकर साथ आली. माणसे आपल्याच आजाऱ्यांना घराबाहेर टाकू लागली. त्या दिवसांत बिशप सिप्रियनने मरणावर एक पुस्तिका लिहिली. स्वर्ग हा आपला मायदेश, आपली माणसे तिथे वाट पाहत आहेत, असे तो तिच्यात सांगतो. आक्षेपकाच्या हिशोबाने त्याने दार लावून मरणाची वाट बघत बसायला हवे होते. त्याने मंडळीला गोळा केले आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे कामे वाटून दिली. शुश्रूषा करायची ती केवळ आपल्यांची नव्हे, परधर्मीयांचीही. रोमन बादशहा डेशियसच्या फर्मानाने ख्रिस्ती लोकांचा छळ होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे लोटली होती! मरण म्हणजे घरी जाणे, असे ज्यांना खरोखर वाटत होते, ते साथीच्या रोग्याला हात लावायला धजले.

ही हकीकत सांगणारा पाँटियस सिप्रियनचा भक्त होता, अशी शंका कोणी घेईल. मग वैऱ्याची साक्ष काढू. ख्रिस्ती धर्म सोडलेला सम्राट जूलियन ३६२ साली आपल्या पुरोहिताला चिडून लिहितो की, हे गालीलकर, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात.

काही विश्वासीही आक्षेपकाच्या हाती कोलीत देतात. पृथ्वी जळून जाणारच, मग नदी घाण झाली तर काय, असे म्हणणारे मी ऐकले आहेत. त्यांनी बायबलातल्या प्रकटीकरणाचा एकविसावा अध्याय पुन्हा वाचावा. तिथे माणसे वर पळून जात नाहीत, देवाचे नगर खाली उतरते.

उरला एकच खरा प्रश्न: हे स्वर्गातले घर आहे कशावरून? प्रेषित पौलाने त्याला बगल दिलेली नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट, असे तो करिंथकरांना स्पष्ट लिहितो. आक्षेपकाने वाद घालायचा तर ख्रिस्ताच्या त्या रिकाम्या कबरेपाशी घालावा, आळसाच्या आरोपापाशी नव्हे.