ही हद्द कोणी आखली?

एका शिक्षक प्रशिक्षणात गणिताचे तज्ज्ञ म्हणाले, "उच्च गणित हे उर्दू-मराठी माध्यमाच्या मुलांच्या हद्दीबाहेरचं आहे." एका चाचणीचे गुण त्यांच्या हातात होते, तीच त्यांची दलील. सभागृहात कोणी हरकत घेतली नाही. मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हे लिहितोय.

हद्द ओलांडण्याचा प्रश्न त्यांच्याच विषयात आहे. पत्र्याच्या कडांवर ठरावीक तापमान कायम ठेवलं की काही वेळाने आतल्या प्रत्येक बिंदूचं तापमान स्थिर होतं. ते लाप्लासच्या समीकरणातून मिळतं. ही दीर्घवृत्तीय सीमामूल्य समस्या. आता पत्रा मोठा केला, तर जुनं उत्तर पुढे नेता येईल?

'समीकरण तेच, मग न्या पुढे' हे म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे. गोल पत्र्याच्या कडेवरचं तापमान सलग, पण कुठेही स्पर्शिका काढता येणार नाही इतकं खडबडीत ठेवा. आतलं उत्तर तरीही गुळगुळीत येतं. मात्र कडेच्या एकाही बिंदूतून ते बाहेर नेता येत नाही. आतलं पाहून बाहेरचा दावा करणारा इथे फसतो.

कड सरळ असेल आणि तिच्यावर तापमान शून्य असेल, तर चिन्ह उलटं करून उत्तर आरशातल्यासारखं पलीकडे जातं. हे श्वार्ट्झचं परावर्तन तत्त्व. म्हणजे कडेवर काय आहे, हे आधी तपासावं लागतं.

विस्तार शक्य असला, तरी मोजमापावरून तो काढणं धोक्याचं. फ्रेंच गणिती जाक हादामार यांनी 1923 च्या ग्रंथात हे मांडलं. त्यांच्या धर्तीचं उदाहरण घेतलं, तर कडेवरच्या उतारात फक्त 0.01 ची चूक एक एकक अंतरावर 1 वर 39 शून्यं इतकी फुगू शकते!

तरी दार बंद नाही. 1956 च्या सुमारास पीटर लॅक्स आणि बर्नार्ड माल्ग्रांज यांनी दाखवलं की छोट्या क्षेत्रात भोकं नसतील, तर मोठ्या क्षेत्रावरची अशी उत्तरं मिळतात जी आत जुन्या उत्तराच्या हवी तितकी जवळ असतात.

तज्ज्ञसाहेबांनी मात्र एका चाचणीवरून मुलांच्या अख्ख्या आयुष्याचा निकाल लावला. कडेवर काय होतं, ते पाहिलंच नाही. पुस्तकं वेळेवर आली होती का? वर्गाला गणिताचा शिक्षक होता का? मोजण्यात चूक किती होती?

वर जे सांगितलं ते मराठीतच सांगितलं. उद्या हेच उर्दूत फळ्यावर मांडेन. 'हद्द' शब्द तर अरबीतून आपल्या दोन्ही भाषांत आलेला आहे. पुढच्या प्रशिक्षणात मी गप्प बसणार नाही.