कुळथाच्या पिठाची उदबत्ती

परवा वन्संचा चिपळूणहून फोन आला. (वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. वयाने माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, पण मानाने मोठी. त्यामुळे चाळीस वर्षांनंतरही "अहो-जाहो" सुटलेलं नाही!) हॅलो नाही, कशा आहात नाही, एकदम म्हणाल्या, "वहिनी, आमच्या कुळथाच्या पिठाची उदबत्ती झाली हो!"

मला वाटलं पीठ जळलं. पण प्रकार वेगळाच होता.

वन्संच्या बचत गटात चौदा बायका आहेत. कुळथाचं पीठ, मेतकूट, आगळ, असं सगळं करतात, आणि उत्तम करतात. इतकी वर्षं माल ओळखीपाळखीत आणि गणपतीच्या जत्रांत खपायचा. या वर्षी शहरातल्या एका मोठ्या दुकानाने "ठेवून बघू" म्हटलं. अट एकच, पाकिटावर बारकोड हवा. गावातल्या छापखानेवाल्याने "त्यात काय एवढं, लेबलाबरोबरच छापून देतो" म्हणून दोन हजार लेबलं छापून दिली. लेबल कुंकवाच्या रंगाचं, म्हणून पट्ट्याही कुंकवाच्या रंगाच्या! दिसायला इतकं गोड की काय सांगू. दुकानातलं यंत्र मात्र ढिम्म. त्या यंत्राचा उजेड बहुतेक वेळा तांबडा असतो. तांबड्या उजेडात तांबड्या रेघा आणि पांढरा कागद त्याला सारखेच दिसतात. हे छापखानेवाल्याला माहीत असायला हवं होतं, नव्हतं. मग काळ्या पट्ट्यांची वेगळी चिकटपट्टी छापून वरून लावली. यंत्र एकदाचं "टुक्" वाजलं आणि पडद्यावर आलं, उदबत्ती, चाळीस रुपये. पाकीट पंचाण्णव रुपयांचं. पहिल्या गिऱ्हाइकाला आनंदच झाला असणार!

दुकानाने साठ पाकिटं परत पाठवली. "आधी नीट बारकोड आणा, मग माल आणा." पीठ तीन महिन्यांचं, त्यातले सहा आठवडे या घोळात गेले. गटाने कर्ज काढून दळणाचं यंत्र घेतलं आहे, त्याचा हप्ता काही थांबत नाही.

मी वन्संना पाकीट पाठवायला सांगितलं आणि आकडा वाचला. ८९०१२३४५६७८९०. वाचताच हसू आलं, मग राग आला. मंडळी, तुम्हीही एकदा वाचा. ८९० आणि पुढे १ पासून ९, मग शून्य. म्हणजे छापखानेवाल्याने नेटवरच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मनानेच बारा आकडे टाकले, आणि तेरावा त्याने आपोआप काढून दिला.

हा तेरावा आकडा कसा निघतो ते सांगण्याचा मोह मला आवरत नाही. शाळेत मी मराठी शिकवायची, पण गणिताचे सर रजेवर गेले की पाचवीचा तास माझ्या गळ्यात पडायचा. तर डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे घ्या. ८, ०, २, ४, ६, ८. बेरीज २८. उरलेले ९, १, ३, ५, ७, ९. बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या पूर्ण दशकाला किती कमी पडतात? काहीच नाही, म्हणून शेवटी ०. वाचताना किंवा टाइप करताना एखादा आकडा चुकला तर हा हिशोब जुळत नाही आणि चूक पकडली जाते. सुंदर युक्ती आहे!

पण हा हिशोब एवढंच सांगतो की आकडा नीट लिहिला आहे. तो तुमचा आहे असं तो सांगत नाही. उत्तरपत्रिकेवर परीक्षा क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहिला, म्हणून शेजारच्या मुलाचा क्रमांक आपला होतो का? पोटी कोणाच्या तरी उदबत्त्या असलेला आकडा वन्संच्या पाकिटावर आला, कारण त्या उदबत्तीवाल्यालाही बहुधा असाच कोणीतरी छापखानेवाला भेटला असणार.

आता काही जण म्हणतील, पट्ट्यांतच किंमत असते ना? नसते. बारकोडमध्ये किंमत नसते, वजन नसतं, कुळीथ तर नसतोच. असतो फक्त एक आकडा. त्या आकड्यासमोर काय लिहिलं आहे ते दुकानाच्या संगणकात असतं. नॉर्मन वुडलँड नावाच्या अमेरिकन माणसाला ही कल्पना समुद्रकाठी वाळूत बोटं ओढताना सुचली, मोर्स लिपीचे ठिपके आणि रेघा आठवून. त्याला आणि त्याच्या जोडीदाराला, बर्नार्ड सिल्व्हरला, १९५२ मध्ये पेटंट मिळालं. दुकानात पहिली वस्तू मात्र २६ जून १९७४ ला वाचली गेली, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगमचं एक पाकीट. मधली बावीस वर्षं पट्ट्या कशा वाचायच्या आणि कोणाला कोणता आकडा द्यायचा हे ठरण्यात गेली. म्हणजे अवघड गोष्ट पट्ट्या छापणं ही एकटीच नव्हती. आकडे वाटणं हीही होती.

आपल्याकडे हे वाटप करणारी संस्था दिल्लीत आहे, जीएसवन इंडिया. वाणिज्य मंत्रालय आणि उद्योगांच्या संघटना यांनी मिळून ती १९९६ मध्ये उभी केली. ८९० हा तिच्या वाट्याचा उपसर्ग. (इथे आमच्या भाच्या-पुतण्यांना एक विनंती. "८९० असेल तरच माल भारतीय, बाकी सगळा परका" हा निरोप मला या वर्षात पाच वेळा आला आहे. ८९० चा अर्थ आकडा इथल्या संस्थेने दिला एवढाच. माल कुठे बनला ते तो सांगत नाही. कृपया सहाव्यांदा पाठवू नये. कुळथाच्या पिठावरही ८९० होतं, आणि त्याला तर कोणीच आकडा दिलेला नव्हता!)

नोंदणी करायची तर फी आहे, आणि पुढे ठरावीक मुदतीची वर्गणी. उलाढालीप्रमाणे ती कमी-जास्त असते, हे मान्य. एक आकडा दोघांना जाऊ नये म्हणून कोणीतरी वही सांभाळली पाहिजे, आणि वही सांभाळणाऱ्याला पगार हवा, हेही मान्य. पण आता गंमत बघा. पुस्तकाच्या मागे जो बारकोड असतो तोही याच तेरा आकड्यांच्या घरातला, फक्त ९७८ ने सुरू होणारा. तो आयएसबीएन राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी यंत्रणा देते, आणि फुकट देते. माझ्या एका विद्वान परिचितांनी स्वतःच्या पैशाने तीनशे प्रती काढल्या. त्यांतल्या दोनशे ऐंशी माळ्यावर आहेत. त्यांना आकडा फुकट! आणि चौदा बायका पहाटे चारला उठून कुळीथ भाजतात, त्यांना मात्र "आधी फी भरा, दरवर्षी भरा". पुस्तकांबद्दल माझी तक्रार नाही, मी मास्तरीण आहे. पण ज्ञानाला जी सवलत आहे ती पिठाला का नसावी, याचं उत्तर मला कोणी द्यावं. बचत गटांसाठी मेळावे होतात, फिती कापल्या जातात, शाली दिल्या जातात. त्या शालींच्या खर्चात किती गटांचे आकडे निघाले असते?

आणि माझा मोठा राग दुकानावर आहे. भाजी किंवा सुटे काजू मोजून घेतले की दुकान स्वतःच एक चिठ्ठी चिकटवतं ना? त्यावरचा आकडा साधारणपणे २ ने सुरू होतो. २०० ते २९९ हे उपसर्ग अशा अंतर्गत कामासाठीच राखून ठेवलेले आहेत. ते दुकान आपल्या चार भिंतींत हवे तसे वापरू शकतं, कोणाला विचारावं लागत नाही. म्हणजे दुकानाने मनावर घेतलं असतं तर वन्संच्या साठ पाकिटांवर आपल्याच चिठ्ठ्या चिकटवून काम भागलं असतं. पाच मिनिटांचं काम. पण "बारकोड आणा" म्हणायला अर्धं मिनिटच लागतं.

बरं, हे मागताना त्यांनी "कायद्याने लागतो" असंही ठोकून दिलं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर कायद्याने लागतं ते वजन, किंमत, तारीख, घटक, बनवणाऱ्याचा पत्ता, हिरवा ठिपका आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. हे सगळं वन्संच्या लेबलावर अगदी व्यवस्थित होतं. बारकोड त्या यादीत नाही. ती दुकानाची सोय आहे. सोय मागावी, जरूर मागावी, पण तिला कायद्याचं सोंग देऊ नये.

छापखानेवाल्याला मी फोन केला होता. माणूस वाईट नाही. म्हणाला, "बाई, प्रत्येकाला असाच देतो, कोणी तक्रार केली नाही." (त्याला माझ्या हाताखाली शिकलेला नसूनही मी झापलं.) मग विचार केला, त्याला तरी कोणी सांगितलं? दळणाच्या गोदामातली पोती मोजायला वन्संनी मनाचे आकडे घालून बारकोड केले असते तर काहीच बिघडलं नसतं. घरातली गोष्ट घरात. तीच पट्टी दुकानाच्या फळीवर गेली की आकडा जगाचा होतो. एवढा एक फरक. तो साध्या मराठीत एका पानावर लिहून प्रत्येक गटाला आणि प्रत्येक छापखान्याला द्यायला कोणाचं काय जात होतं? बचत गटाच्या प्रशिक्षणात वन्संना "ब्रँडिंग" या विषयावर दोन तास ऐकवलं गेलं. तेरा आकड्यांबद्दल एक वाक्य नाही.

असो. ते एक पान मी आता लिहून काढलं आहे, वहीच्या कागदावर, मोठ्या अक्षरात. दुकानाच्या व्यवस्थापकांना द्यायचा अर्जही लिहून दिला आहे, २ ने सुरू होणारा आकडा द्यावा म्हणून. वन्सं सोमवारी जाणार आहेत, चौदाही जणींना घेऊन. मी म्हटलं, "चौदा कशाला? अर्ज तर एकच आहे."

"असू दे हो वहिनी," वन्सं म्हणाल्या, "चौदा जणी काउंटरसमोर उभ्या राहिल्या की वाचतात अर्ज."